आपण कोण?

सर्जनने पायावरची चादर बाजूला केली आणि अप्पांनी छातीवरची चादर तोंडावर ओढून घेतली. उघड्या पडलेल्या पायाची त्यांना लाज नव्हती. तो काळा पडलेला अंगठा आणि त्याच्या शेजारची बोटं अख्ख्या वॉर्डाने बघून झाली होती. लाज तोंडाची होती. तोंडात दात नव्हते.

काल तपासणीसाठी भूल देताना सिस्टरने दोन्ही कवळ्या काढायला लावल्या होत्या. प्लास्टिकच्या डबीत घालून त्या थोरल्या मुलाकडे दिल्या, थोरल्याने डबी पिशवीत टाकली आणि पिशवी घरी गेली. तेव्हापासून अप्पा बोलले नव्हते. विचारलं की मान हलवायची, नाहीतर डोळे मिटून घ्यायचे. ज्या माणसाचं उभं आयुष्य बसस्टँडवरच्या माइकसमोर गेलं, ज्याला सगळा डेपो कौतुकाने भोंगा म्हणायचा, त्याने बोळक्या तोंडाने फसफसत बोलायचं? माईंसमोरसुद्धा, म्हणजे लग्नाच्या बायकोसमोरसुद्धा, ते कधी कवळीशिवाय आले नव्हते. रोज सकाळी न्हाणीघराचं दार आतून लावायचं आणि माणसात बसण्यासारखं तोंड करूनच बाहेर यायचं, हा त्यांचा शिरस्ता होता.

सर्जनने पाय दाबून पाहिला आणि पलंगाच्या पलीकडे उभ्या असलेल्या थोरल्याशी बोलायला सुरुवात केली.

"तसं बोटांपुरतं करून बघता येईल. पण वर सरकलं तर परत टेबलावर घ्या, परत भूल द्या. त्यापेक्षा आपण गुडघ्याच्या खालून एकदाच घेऊन टाकू."

"तुम्ही म्हणाल तसं, डॉक्टर," थोरला म्हणाला. त्याचा चेहरा रात्रभर बाकावर बसून सुजला होता.

"मग आज दुपारीच घेऊ आपण."

भीतीने दातखीळ बसते म्हणतात, पण ती बसायलाही दात लागतात. घेऊन टाकू म्हणजे पाय. हा, आत्ता दिसतोय तो. आणि बोटांपुरतं करून बघता येईल, असं हा माणूस म्हणाला होता. म्हणाला आणि पुढे गेला, गाडी न थांबता थांबा मागे पडावा तसा.

आणि हे आपण कोण? सर्जन त्यात होता, थोरला होता, हातात ट्रे धरून उभी असलेली सिस्टरसुद्धा होती. ज्याचा पाय होता तो तेवढा नव्हता. सर्जन 'आम्ही' म्हणाला असता तर निदान खरं तरी बोलला असता.

बोलायला हवं होतं. 'माझा पाय आहे, मला विचारा' एवढंच. अप्पांनी ते वाक्य तोंडातल्या तोंडात घोळवून पाहिलं. झ घसरणार, च घसरणार. थोरला ओशाळून इकडेतिकडे बघणार, पलीकडच्या पलंगावरचा हसणार. घाबरलेल्या माणसालाही ऐट सुटत नाही. त्यांनी दातांना न लागणारे शब्द शोधले, ओठांनी आणि टाळूने निभावतील असे, आणि सर्जन वळायच्या आत चादर जराशी खाली करून स्वच्छ उच्चारले.

"आपण... कोण?"

सर्जन थांबला. मग बहिऱ्याशी बोलावं तशा आवाजात म्हणाला,

"मी सर्जन, बाबा. कालच भेटलो होतो आपण."

अप्पांनी जोरजोराने मान हलवली. तसं नाही, तसं नाही विचारलं. सर्जनने थोरल्याला दोन पावलं बाजूला घेतलं आणि आवाज खाली आणला. बोलणं ऐकू यायचं ते आलंच.

"माणसं ओळखत नाहीयेत. या वयात, एवढी साखर, वर कालची भूल... होतं असं. त्यांना आता काही विचारण्यात अर्थ नाही. सही तुम्हीच करा."

आयुष्यभर अप्पांनी ज्या उच्चारावर भाकरी खाल्ली, त्याच उच्चाराने घात केला होता. फसफसले असते तर निदान शहाणे तरी ठरले असते.

थोरला सही करून परत आला तेव्हा त्यांनी त्याचं मनगट पकडलं आणि दुसऱ्या हाताचं बोट तोंडाकडे नेलं.

"तहान लागली? अप्पा, पाणी नाही द्यायचं आता. ऑपरेशन आहे."

त्यांनी मान झटकली. हवेत लिहिल्याची खूण केली.

"सही ना? झाली, मी केली. तुम्ही कसलीही काळजी करू नका." थोरल्याचे डोळे भरून आले होते. त्याने वडिलांचा लिहिता हात अलगद चादरीखाली सारला.

सिस्टर आली आणि तिने निळ्या पेनने त्यांच्या नडगीवर एक मोठा बाण काढला. पेनाचं टोक गार होतं आणि गुदगुल्या झाल्या. आपला पाय अजून गुदगुल्या ओळखतो, हे तिला सांगावंसं वाटलं.

"घाबरायचं नाही हं, बाबा. झोपेत होऊन जाईल सगळं. कळणारसुद्धा नाही."

कळणार नाही याचीच तर भीती होती.

वॉर्डातल्या मावशी स्ट्रेचर घेऊन आल्या. त्याचं एक चाक कुरकुरत होतं. अप्पांना उचलून त्यावर ठेवलं, कडेचे गज वर केले आणि वॉर्डाचं छत त्यांच्या डोळ्यांवरून सरकू लागलं. त्यांनी गज घट्ट धरला. माई येईपर्यंत तरी थांबा, असं मनात आलं, आणि लगेच, माई यायला नको, असंही आलं.

माई दारातच भेटल्या. खांद्यावर पर्स, चालत आल्याने धाप लागलेली. त्या स्ट्रेचरशेजारी वाकल्या.

"काय हो? कसं वाटतंय?"

अप्पांनी तळहात तोंडावर दाबला.

"आई, बाजूला हो," थोरला म्हणाला. "अप्पांना काही कळत नाहीये. डॉक्टरांनाही ओळखलं नाही त्यांनी."

स्ट्रेचर पुन्हा हललं. चाक कुरकुरलं. दारापलीकडे लांब बोळ, बोळाच्या टोकाला दुहेरी दरवाजा आणि दरवाजाशी सर्जन सिस्टरला काही सांगत उभा. अप्पांनी एकदा माईंकडे पाहिलं आणि तोंडावरचा हात काढला.

"मला कुणी विचारलंच नाही."

वाक्य भयंकर निघालं. विचारलंमधला च फुसकन वाऱ्यावर गेला, ल जिभेखाली अडकला, थुंकी हनुवटीवर आली. मावशींनी मान खाली घातली. थोरला बापाकडे बघत राहिला.

"बरळतायत," तो हलकेच म्हणाला.

"बरळत नाहीयेत," माई म्हणाल्या. "त्यांना कुणी विचारलं नाही, असं म्हणतायत."

"तुला कळलं?"

"न कळायला काय झालं? रोज सकाळी न्हाणीघराच्या दाराआडून असंच बोलतात. टॉवेल दे, साबण संपला. मीच देते ना."

अप्पा त्यांच्याकडे बघतच राहिले. इतक्या वर्षांचं बंद दार आणि ही बाहेर उभी राहून सगळं ऐकत होती. माईंनी त्यांच्या नजरेला नजर दिली नाही. पदराने त्यांची हनुवटी पुसली आणि बोळाच्या टोकाकडे बघून आवाज चढवला.

"डॉक्टर, जरा इकडे या. ह्यांना बोलायचंय."

सर्जन आला तो घड्याळाकडे बघतच. माईंनी तोवर पर्समधून डबी काढली होती. घरी पिशवी आवरताना ती त्यांच्या हाताला लागली होती. डबी बघून सर्जनची नजर अप्पांच्या बसलेल्या गालांकडे गेली आणि तिथेच थांबली.

"घ्या, घाला," माई म्हणाल्या.

अप्पांनी डबी हातात घेतली, पण झाकण उघडलं नाही. उघडायला, बसवायला वेळ लागला असता, आणि तेवढ्यात हा माणूस निघून गेला तर?

"बोटांपुरतं होईल, म्हणालात," ते म्हणाले. या वेळी सावकाश, एकेक अक्षर हिरड्यांवरून उचलून. "मी ऐकलं. मला सांगा."

माई तेच वाक्य पुन्हा सांगायला पुढे झाल्या, पण सर्जनने हात वर केला. त्याला कळलं होतं.

"म्हणजे आपण..." तो म्हणाला, आणि अडखळला. त्याने भिंतीशी पडलेलं स्टूल पायाने ओढलं आणि त्यावर बसला, तेव्हा त्याचा चेहरा अप्पांच्या चेहऱ्यासमोर आला. मग त्याने सांगितलं. बोटं काढली तर काय, पाय काढला तर काय, कशात काय धोका. मध्येच दोनदा थांबून, कळतंय का, असंही विचारलं. शेवटी म्हणाला,

"तुम्ही सांगा. काय करायचं?"

ज्या प्रश्नासाठी सकाळपासून जीव टांगणीला लागला होता तो समोर आला होता. आता दोष द्यायला कुणी उरलं नव्हतं. थोरला, सिस्टर, मावशी, सगळे थांबले होते. अप्पांनी डबी उशाशी ठेवली, गजांमधून हात बाहेर काढून माईंचा हात धरला आणि बोळकं तोंड उघडं ठेवूनच सर्जनला विचारलं,

"फार दुखेल का हो?"