शिक्के मारत चाललेला माणूस

मी खुर्ची बोलतेय. दचकू नका, आणि लगेच उठूही नका. उठायचं कधी ते मी सांगेन. आयुष्यभर लोकांचं वजन झेललं, आता त्यांनी माझे दोन शब्द ऐकावेत.

शाळा मी पाहिली ती बाहेरूनच. ज्या कारखान्यात जन्मले, त्याच्यासमोर एक शाळा होती. टेम्पो येईपर्यंत दीड दिवस फाटकाशी उभी होते, तेवढंच माझं शिक्षण. मास्तर पोरांना "उभा राहा" म्हणून शिक्षा करायचे. मला वाटलं, उभं राहणं म्हणजे फार वाईट. ही समजूत जायला अकरा वर्षं लागली.

रूपाने मी उजवी. पाच चाकं, काळी फुगीर गादी, उंची वरखाली करायला बाजूला दांडी. टेम्पोवाला म्हणाला, "हिच्यावर बसला तो उठायचा नाही." मी मेली लाजले. मला ते कौतुक वाटलं.

मी आले दाखल्यांच्या ऑफिसात, खिडकी नंबर चारला. तिथला कारकून माझा धनी. त्याला सगळे ठोकेसाहेब म्हणायचे, कारण दिवसभर त्याचं एकच काम. कागद कसलाही येवो, त्याच्यावर तीन शिक्के ठोकायचे. 'मिळाला', 'तपासला', 'नोंदवला'. ठक, ठक, ठक. माणूस गरीब गाय. कुणावर खेकसायचा नाही, कुणाला "उद्या या" म्हणायचा नाही. खोट एकच, बूड उचलायचा नाही.

कपाट चार पावलांवर. पण हा टाचेने फरशीला रेटा द्यायचा आणि मला घेऊन घरंगळत जायचा. कपाटापासून टेबल, टेबलापासून पंख्याचं बटण. पाणी शिपाईमामा हातात आणून द्यायचे. वर डबा खाताना सगळ्यांना ऐकवायचा, "दिवसभर पायाला भिंगरी नुसती." भिंगरी त्याच्या नाही, माझ्या पायाला होती. पण मला कोण विचारतो?

तो किती वाढला, ते त्याच्या बायकोच्या आधी मला कळलं. शिपाईमामांनी त्याच्या पट्ट्याला खिळ्याने दोनदा नवं भोक पाडून दिलं. माझा मधला दांडा तर कण्हायलाच लागला.

पन्नाशी जवळ आली तशी बायकोने त्याला धरून तपासणीला नेलं. दुसऱ्या दिवशी तो माझ्यावर बसला तोच हळू.

"साखर काठावर आहे म्हणे," तो शिपाईमामांना म्हणाला. "सहा पॉइंट दोन. साडेसहाला दार."

"कसलं दार?"

"मधुमेहाचं. मी उंबऱ्यावर उभा आहे, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. रोज अर्धा तास झपझप चाला, दर अर्ध्या तासाला खुर्ची सोडा, चहातली साखर कमी करा, मग मागे फिरता येईल. तीन महिन्यांनी परत बघतील."

"मग फिरा की मागे."

तो हसला नाही. "आमचा दादा उद्यापासून, उद्यापासून म्हणत राहिला. आता रोज सुई टोचून घेतो. नजर गेली, पेपर वहिनी वाचून दाखवते."

बायकोने पावलं मोजणारा पट्टा आणला. "रोज आठ हजार," तिने दम भरला. डाव्या हाताने कागद धरायचे, तिथे अडचण नको म्हणून त्याने तो उजव्या मनगटात बांधला.

पहिल्याच दिवशी, डब्याच्या सुट्टीआधी, पट्टा थरथरला. चार हजार.

"मी चाललो कधी?" तो पुटपुटला. मग स्वतःच स्वतःची समजूत काढली, "तसा दिवसभर फिरतोच की."

तुमच्या लक्षात आलं ना? माझ्या तर पहिल्या ठोक्याला आलं. हात वर, हात खाली, ठक. पट्टा बिचारा समजला, पाऊल पडलं. साहेब ढिम्म बसलेले आणि पावलं आपली पळताहेत. गर्दीच्या सोमवारी अकरा हजार झाली. त्या आनंदात घरी जाताना बेकरीतला क्रीमवाला केक. शेजारच्या टेबलावरच्या ताई विचारायच्या, "साहेब, एवढं चालून गुडघे दुखत नाहीत?"

"सवय लागते हो," हा म्हणायचा.

मला तोंड नाही, पण खोड्या काढायला तोंड कशाला लागतं? मी उंची सोडायला लागले. गुपचूप, बोट बोट. सकाळी ताठ बसलेला साहेब दुपारपर्यंत हनुवटी टेबलाला टेकवून. खिडकीतून नुसतं टक्कल दिसायचं.

"साहेब आहेत का?" लोक विचारायचे.

"आहेत, जरा खाली गेलेत," ताई सांगायच्या.

मला वर घ्यायचं तर त्याला उठून दांडी ओढावी लागायची. दिवसातून तीनदा उठायचा, तेवढीच त्याची खरी कसरत. पण महिनाभरात त्याने माझ्यावर दोन जाडजूड रजिस्टरं टाकली आणि वर बसला. हरले बाई मी.

तीन महिने झाले. दुसरा रिपोर्ट बायकोच्या हातात पडला आणि ती तडक ऑफिसात आली. हाक नाही, बोलावणं नाही, गपचूप चार नंबरच्या रांगेत उभी राहिली. हा मान खाली घालून ठोकतोय. ती बघतेय. एक एक माणूस पुढे सरकला, पाऊण तासाने तिचा नंबर आला. तिने कागद आत सारला.

ठक, मिळाला. ठक, तपासला. ठक, नोंदवला.

"पुढचे," साहेब म्हणाले.

"पुढचे थांबतील," बायको म्हणाली. "काय तपासलंत ते आधी वाचा."

त्याने मान वर केली, मग कागद उचलला. स्वतःच्याच साखरेचा रिपोर्ट. सहा पॉइंट चार.

"काहीतरी चुकलंय. मी रोज नऊ-नऊ हजार..."

"पट्ट्याचा हात पुढे करा. आता मारा शिक्का."

ठक.

"अजून एक."

ठक. पट्ट्यावरचा आकडा दोनाने वाढला. रांगेतले एक आजोबा फिसकन हसले, मग खोकल्याचं नाटक करत बसले.

"पाऊण तास उभी आहे मी," ती म्हणाली. "तेवढ्यात हजार पावलं चालला असाल. माणूस जागचा हलला नाही." मग तिचा आवाज जरा बसला. "दाराला एक बोट उरलंय. दादांना वहिनी पेपर वाचून दाखवतात. मला ते जमायचं नाही, सांगून ठेवते. माझाच चष्मा वाढलाय."

तोंड लपवायला त्याने सवयीने टाच रेटली, कपाटाकडे जायला.

तेव्हा मी माझं एक चाक सोडून दिलं.

चाक गडगडत ताईंच्या टेबलाखाली गेलं, मी तिरकी झाले, रजिस्टरं घसरली आणि साहेब झक्कत उभे राहिले. पडला नाही हो, तेवढी काळजी मी घेतली होती. तो उभा राहिला तो कपाटापर्यंत चालत गेला.

"चार," बायकोने खिडकीतून मोजलं.

शिपाईमामा नवी खुर्ची आणायला निघाले होते. साहेबांनी अडवलं. म्हणाले, "चाकांची नको. लाकडी असेल तर बघा." आणि स्वतःच्या हाताने 'नोंदवला'चा शिक्का उचलून खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला, मागच्या खिडकीच्या कट्ट्यावर नेऊन ठेवला. वीस कागद झाले की गठ्ठा घेऊन तिकडे जायचं, उभ्याने ठोकायचं, परत यायचं. पट्टा मनगटावरून घोट्यावर आला. लोक विचारायचे, "पायात काय हे?" "बेडी," तो सांगायचा. संध्याकाळी बायको फाटकाशी यायची. दोघं घरी चालत, तीही अशी झपझप की हा मागून "अगं, थांब" करत. केकवाल्या बेकरीवरून जाताना ती आणखी जोरात चालायची.

मला बाहेर रांगेजवळ आणून ठेवलं, मोडक्या चाकाखाली विटेचा तुकडा सारून. इथे सगळी लाकडी बाकडी. वासरात लंगडी गाय शहाणी, तशी मी. म्हाताऱ्याकोताऱ्यांना टेकायला बरी पडते. आणि इथून चार नंबरची खिडकी छान दिसते.

म्हणूनच परवाचं दिसलं. बायको पुन्हा रांगेत होती. नंबर आल्यावर तिने कागद सारला. या वेळी साहेबांनी ठोकला नाही. आधी तो उठून उभा राहिला. कागद वाचला. पुन्हा वाचला. पाच पॉइंट नऊ. मग 'मिळाला' मारला, 'तपासला' मारला.

"आणि तिसरा?" बायकोने विचारलं.

"तो तिकडे आहे. आलोच जाऊन."

तो गेला तेव्हा मागे त्याची लाकडी खुर्ची रिकामी होती. रिकामी खुर्ची एवढी देखणी दिसते, हे मला म्हातारपणी कळलं.

तेव्हा तुम्हीही टेका माझ्यावर, दमला असाल तर. पण सांगून ठेवते, माझी अजून चार चाकं शिल्लक आहेत. फार वेळ झाला की एक सोडीन.

चला, उठा आता.