वरची वाळू

सुगंधा राग विसरणाऱ्यांतली नव्हती. काही बायका लोणचं जपतात, काही लग्नातल्या साड्या. ही राग जपायची, तोही झाकण घट्ट लावून. नवऱ्याच्या, पुंजारामच्या, कारखान्यातल्या नोकरीपायी पाचोरा सोडून ती बोईसरला आली त्याला अर्धं आयुष्य झालं होतं. तरी लग्नात हलकं लुगडं देणाऱ्या मावससासूचं नाव निघालं की तिच्या कपाळावर अजून आठी चढायची. तेव्हा हंसाताईंनी तिच्या वाटेला जायलाच नको होतं.

हंसाताई म्हणजे कॉलनीच्या बागेत रोज सकाळी चालणाऱ्या मंडळाच्या प्रमुख. आधी शाळेत खेळाच्या शिक्षिका होत्या. त्या निवृत्त झाल्या, पण गळ्यातली शिटी काही निवृत्त झाली नाही. अंगाने सडपातळ, पाठ ताठ, आणि दुसऱ्याच्या पोटाच्या घेराकडे बघत बोलायची सवय. दर वर्षी गुढीपाडव्याच्या सकाळी त्या मंडळाला जवळच्या दांडी गावच्या किनाऱ्यावर नेत आणि ‘वसंत दौड’ घेत. सुरूच्या बनापर्यंत पळत जायचं, परत यायचं, कडुनिंबाची गोळी खायची, फोटो काढायचा आणि घरी जाऊन गुढी उभारायची.

गेल्या वर्षी संक्रांतीनंतर सुगंधाच्या रक्तात साखर निघाली. डॉक्टर म्हणाले, चाला, नाहीतर रोजची सुई लागेल. सुईला ती फार भ्यायची. तिची आई त्या सुईवरच गेली होती, शेवटी पायाचा अंगठा कापून. म्हणून ती मंडळात आली आणि पाडव्याला नवे बूट घालून सगळ्यांबरोबर दांडीला गेली. ओहोटीने ओल्या, कडक वाळूचं मैदान लांबपर्यंत उघडं पडलं होतं. सगळे ओळीत उभे राहिले, तीही राहिली. हंसाताईंनी शिटी तोंडातून काढली आणि मोठ्याने म्हणाल्या, “सुगंधाताई, तुम्ही पिशव्या धरून वर बसा. तुमचं आपलं सावकाश होऊ द्या. उगाच आम्हाला ॲम्ब्युलन्स बोलवायला लावाल.”

सगळे हसले. वाईट मनाने नव्हे हो, पण हसले. तिच्या दोन्ही खांद्यांना पिशव्या अडकल्या, मांडीवर पाण्याच्या बाटल्या आणि मोबाइल आले. ती वरच्या कोरड्या वाळूत बसून राहिली. दौड संपल्यावर हंसाताईंनी तिच्या हातात फोन दिला आणि म्हणाल्या, “तुम्ही मोकळ्याच आहात, तेवढा फोटो काढा.” तिने काढला. त्या फोटोत सगळं मंडळ होतं, नव्हती ती फक्त सुगंधा. खाली सगळ्यांच्या पायांपाशी तिची सावली तेवढी आली होती. तोच फोटो बागेतल्या फळ्यावर वर्षभर लागून राहिला.

त्या दिवशी घरी येऊन तिने कडुनिंबाचा पाला गुळाशिवाय चावला. तळपायाची आग मस्तकात गेली होती. पुंजारामने विचारलं, “काय झालं?” ती म्हणाली, “काही नाही. पुढच्या पाडव्याला सांगते.”

मंडळ तिने सोडलं, चालणं नाही सोडलं. जिथे नाक कापलं गेलं त्याच वाळूवर जायचं, असं तिने ठरवलं. सकाळची शेअर रिक्षा पकडून ती आठवड्यातून तीन-चार वेळा दांडीला जाऊ लागली. सबंध किनारा तिच्यासाठी मोकळा होता, पण खालच्या कडक वाळूवर उतरायची तिची छाती होत नव्हती. लहानपणी तिने पाणी पाहिलं ते गिरणा नदीचं, तेही बहुतेक वेळा पुलावरून. लाट पायाला लागली की तिला वाटे, ही आता ओढून नेणार. म्हणून ती वरून, कोरड्या मऊ वाळूतून चालायची. पाय घोट्यापर्यंत रुतायचा, पोटऱ्या पेटायच्या, चार पावलांत दम निघायचा.

तिथे दीपाली नावाची एक कोळीण बांबूंवर बोंबील वाळत घालायची. ती पहिल्या दिवसापासून हसायची. “अगो बाय, खाली जा ना! तिथं वालू कडक हाय. आमी पन या वालूतून चालत नाय.”

“मला इथंच बरं,” सुगंधा म्हणायची. आणि मनात हंसाताईंची शिटी वाजवून पुढचं पाऊल टाकायची. तोंडाने देवाचं नाव घ्यावं तसं ती त्यांचं वाक्य घोळवायची. तुमचं आपलं सावकाश होऊ द्या. एक पाऊल. सावकाश होऊ द्या. दुसरं पाऊल. बूट रुततात म्हणून तिने ते काढून टाकले. पाय सपाट टाकायचा, पाऊल लहान ठेवायचं, टाचेवर जोर द्यायचा नाही, हे तिचं तिलाच कळत गेलं. पावसाळाभर ती छत्री घेऊन रस्त्याने चालली, दसऱ्याला पुन्हा वाळूत आली. थंडी सरेपर्यंत ती पळू लागली होती. डॉक्टरांनी रिपोर्ट बघून विचारलं, “छान! काय केलंत?” आता त्यांना काय सांगणार, राग केला म्हणून?

समुद्राशीही हळूहळू तिची ओळख झाली. सकाळी कधी पाणी लांब गेलेलं असे, तर कधी अगदी कोरड्या वाळूला येऊन टेकलेलं. एकदा तिने दीपालीला विचारलं, “आज एवढं वर कसं गं?”

“आज आठमी ना! आठमीला उजाडताना भरती असते. आवस-पुनवेला सकाळी लांब जाते. तुमच्या घरात कालनिर्नय नाय काय?”

कॅलेंडर होतं. सुगंधाने ते पुढे फार नीट वाचलं. आणि वाचता वाचता एक गोष्ट तिच्या ध्यानात आली. पाडवा अवसेच्या दुसऱ्या दिवशी येतो, दर वर्षीच. म्हणजे पाडव्याच्या सकाळी दर वर्षी ओहोटीच असणार. मंडळाने समुद्र पाहिला तो वर्षातून एकदाच, आणि त्या एका दिवशी तो कायम लांब गेलेला. त्या सगळ्या शिकल्यासवरल्या माणसांना वाटत होतं, तो रोज तसाच असतो.

फाल्गुनात ती पुन्हा मंडळात गेली, मान खाली घालून, अगदी गरीब गाय होऊन. होळीच्या रात्री कॉलनीतल्या बायकांनी तोंडावर हात मारून बोंब ठोकली तेव्हा तिने कुणाचं नाव घेतलं नाही, पण तिची बोंब सगळ्यांत लांब गेली. नंतरच्या आठवड्यात बागेतल्या बहरलेल्या पांगाऱ्याखाली दौडीची बैठक बसली.

“यंदा पाडव्याला नको,” हंसाताई म्हणाल्या. “बायका गुढीत अडकतात आणि प्रमुख पाहुण्यांनाही जमत नाही. त्याच्या पुढचा रविवार ठेवू. कुणाची हरकत?”

पाडवा यंदा रविवारीच होता. पुढच्या रविवारी अष्टमी. सुगंधाने बोटांवर तिथी मोजली. अष्टमी, म्हणजे उजाडताना भरती. आता एक शब्द बोलली असती तर सगळ्यांचे बूट कोरडे राहिले असते. तिची नजर फळ्यावर गेली. फोटो तिथेच होता, सावलीसकट.

“पुढचाच रविवार बरा,” ती म्हणाली. “सुट्टीही असते आणि सणाची गडबडही नाही.”

“बघा, सुगंधाताईंनाही पटलं,” हंसाताई हसल्या. “पिशव्यांची सोय झाली म्हणायची!”

त्यानंतर सुगंधा तोंडात गुळणी धरून बसली. पुंजारामलाही तिने काही सांगितलं नाही. शनिवारी दुपारी मंडळाचे चिटणीस कैलासराव आणि हंसाताई दांडीला जाऊन पळायच्या वाटेवर रंगीत झेंडे रोवून आले. दुपारी ओहोटी होती. कडक वाळूत ओळीने रोवलेल्या झेंड्यांचा फोटो रात्री सगळ्यांच्या मोबाइलवर आला. सुगंधाने त्याला अंगठा दाखवला आणि शांत झोपली.

रविवारी उजाडताना मंडळ किनाऱ्यावर उतरलं आणि सगळ्यांची तोंडं उघडी राहिली. मैदान नव्हतंच. झेंडे गुडघाभर पाण्यात डुलत होते, दोन तर आडवे होऊन लाटांबरोबर येत-जात होते. प्रमुख पाहुणे म्हणून बोलावलेले एक डॉक्टर आपल्या गाडीजवळ उभे राहून कैलासरावांना विचारत होते, “पोहायची शर्यत आहे का?” कैलासराव हंसाताईंकडे बघत होते. हंसाताई समुद्राकडे बघत होत्या, वर्गातल्या दांडगट पोराकडे बघावं तशा.

पण बाई खमकी होती, हे सुगंधालाही मनात कबूल करावं लागलं. त्यांनी शिटी वाजवली. “काही बिघडत नाही! वरून पळायचं, कोरड्या वाळूतून. सुगंधाताई, पिशव्या...”

“मी पळणार आहे,” सुगंधा म्हणाली. तिने बूट काढून पिशवीत घातले, पिशवी पाहुण्यांच्या गाडीशेजारी ठेवली, पदर खोचला आणि ओळीत येऊन हंसाताईंच्या अगदी शेजारी उभी राहिली. या वेळी कुणी हसलं नाही, सगळे आपापल्या बुटांच्या काळजीत होते.

शिटी वाजली. सगळे जोरात सुटले आणि थोड्याच अंतरात एकेकाचा वेग गळाला. बुटांत वाळू भरली. कुणी कमरेवर हात ठेवून उभं राहिलं, कुणी चालू लागलं. हंसाताई मात्र गुडघे उंच उचलत पळतच होत्या, जन्मभर मैदानावर पळाल्या तशा. पण मैदान उलटून ढकलतं आणि ही वाळू पाय धरून ठेवते. त्यांनी खाली पाण्याच्या कडेने पळून पाहिलं. एक लाट आली आणि बूट, मोजे सगळं पचपचीत झालं. त्या पुन्हा वर आल्या. त्यांच्या मागे सुगंधा लहान लहान, सपाट पावलं टाकत येत होती. तिला घाई नव्हती. तिने एक वर्ष वाट पाहिली होती.

सुरूच्या बनापाशी वळताना तिने त्यांना गाठलं. हंसाताईंचा चेहरा लालबुंद झाला होता आणि शिटी छातीवर आपटत होती. काहीतरी खोचक बोलावं असं सुगंधाच्या जिभेवर आलं होतं, पण श्वास वाया घालवणं परवडणारं नव्हतं. ती नुसती पुढे गेली. बांबूंपाशी दीपाली कमरेवर हात ठेवून बघत होती. ती ओरडली, “पल, बाय, पल!”

त्या दिवशी पहिला नंबर कुणाचा आला ते सुगंधाला आजही सांगता येणार नाही. तिला तेवढं बघायचंच नव्हतं. पोचल्या पोचल्या तिने आपली पिशवी उचलली आणि उभी राहिली. हंसाताई अखेर आल्या, चालत, एक बूट हातात घेऊन. सगळं मंडळ बघत होतं.

“या, हंसाताई,” सुगंधा मोठ्याने म्हणाली. “एवढी पिशवी धरा. तुमचं आपलं सावकाश होऊ द्या.”

पिशवी त्यांनी धरली. दम एवढा लागला होता की नको म्हणायलाही श्वास नव्हता. मग सुगंधाने त्यांच्या दुसऱ्या हातात फोन दिला. “आणि फोटोही तुम्हीच काढा. मागच्या वेळी मी काढला होता.” ती पहिल्या रांगेत मधोमध जाऊन उभी राहिली. हंसाताईंनी फोटो काढला. मग त्यांनी पाण्यातल्या झेंड्यांकडे पाहिलं, सुगंधाच्या अनवाणी पायांकडे पाहिलं.

“तुम्हाला माहीत होतं,” त्या म्हणाल्या.

“काय हो?” सुगंधा म्हणाली.

वं माय, काय ते सुख! घरी जाऊन तिने पुंजारामला सगळं तिखटमीठ लावून सांगितलं आणि श्रीखंड-पुरी केली. उट्टं निघालं, आत कसं गार वाटलं. दुसऱ्या दिवशी तिला लवकर जाग आली, पण उठावंसं वाटेना. तिसऱ्या दिवशी जागही आली नाही. वाळू तिला डोळ्यांसमोर दिसायची, पण त्या वाळूवर आता कुणीच नव्हतं, मग कशाला जायचं? दिवस असे गेले. श्रीखंड दोनदा झालं. एका संध्याकाळी पायाला मुंग्या आल्या, आणि आईचा तो अंगठा आठवून ती घाबरली. तरी दुसऱ्या दिवशी झोपूनच राहिली.

पुंजाराम तिच्याहून जास्त घाबरला होता. “अगं, कुणाशी तरी भांड गं बाई,” तो अगदी मनापासून म्हणाला. “वाटलं तर माझ्याशी भांड.”

“तुमच्याशी काय भांडायचं,” ती म्हणाली आणि कूस बदलली.

आठवडाबाजारात तिला दीपाली भेटली, सुक्या मासळीचा वाटा लावून बसलेली. “कुठं हायस गो बाय? तुझी ती शिटीवाली मातर रोज येते दांडीला. बूट काढून वरच्या वालूत पलते. मला तिथी इचारते, आज भरती कवा, उद्या कवा. म्हनते, एका बाईला दाखवायचं हाय.”

सुगंधाने हातातली भाजीची पिशवी खाली ठेवली. “माझ्या वाळूत?”

“तुझी कशी? आमची हाय ती,” दीपाली म्हणाली आणि गिऱ्हाइकाकडे वळली. पण सुगंधाचं तिकडे लक्ष नव्हतं. तळपायाची आग पुन्हा निघाली होती आणि नेहमीच्या वाटेने वर चालली होती.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आधी पुंजारामला स्वयंपाकघरात भांडं आपटल्याचा आवाज आला. पाठोपाठ दार धाडकन लागलं. तो पांघरूण ओढून समाधानाने झोपला.

नाक्यावर दांडीची पहिली रिक्षा भरत आली होती. एकच जागा शिल्लक होती आणि तिच्या शेजारी हंसाताई बसल्या होत्या, गळ्यात शिटी, मांडीवर पिशवी. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. हंसाताईंनी पिशवी जवळ ओढून घेतली. सुगंधा आत शिरली, अंग चोरून नव्हे, चांगली ऐसपैस बसली.

रिक्षा सुटल्यावर हंसाताई समोर बघत म्हणाल्या, “पुढच्या वर्षी पाडव्यालाच ठेवणार आहे, ओहोटीला.”

“ठेवा की,” सुगंधा म्हणाली. “आजपासून मी खालच्या वाळूत पळणार.”