आजीचा खलबत्ता

अनस सात दिवसांचा झाला तेव्हा रिवाजाप्रमाणे त्याला चाळणीत निजवलं आणि माझ्या सासूनं पितळी खलबत्ता त्याच्या कानाशी धरून बत्ता काठावर हाणला. अशा वेळी 'आईचं ऐक, बापाचं ऐकू नको' असं गमतीनं म्हणायची आमच्याकडे पद्धत आहे. पण माझ्या सासूबाई, हाजीण इन्शिराह, म्हणाल्या, "आजीचं ऐक. आईचं ऐकू नको."

बायका खळखळून हसल्या. माझे टाके अजून ओले होते. मी हसले नाही.

सासूबाई वरच्या मजल्यावर राहतात, आम्ही खाली. मी जलशुद्धीकरण केंद्राच्या प्रयोगशाळेत काम करते. रजा संपली की परत जायचं, दिवसा अनसला माझी आई सांभाळणार, हे बाळंतपणाआधीच ठरलं होतं. अट एकच होती, रात्री त्याला झोपायला हवं. पहाटेची बस मला चुकवता येत नाही.

म्हणून मी त्याला वळण लावायला घेतलं. सूर्य कलला की कोमट पाण्यानं आंघोळ, पाठीला तिळाचं तेल, पडदे ओढायचे, दूध पाजायचं, मग पाळणा. रोज तेच, त्याच क्रमानं. त्याच्या पापण्या जड झाल्या की जिन्यावर चपला वाजायच्या. सासूबाई खलबत्ता घेऊन आत यायच्या आणि ठण्ण.

"आवाजाची सवय हवी पोराला. नाहीतर भित्रा निघेल, बापासारखा."

अनस टक्क जागा. त्याला उचलून, मुके घेऊन त्या वर निघून जायच्या. पुढची सारी रात्र माझी.

"शेहाब, आईंना सांग ना," मी नवऱ्याला म्हणाले.

"रद्वा, म्हातारी आहे ती. तिला एवढाच आनंद."

एकदा कपडे वाळत घालायला गच्चीवर गेले तेव्हा सासूबाईंना शेहाबला सांगताना ऐकलं. "मूल रात्रभर जागतं आणि ही बाटल्यांत पाणी हलवायला निघाली! रजा वाढवायला सांग. नाहीतर नोकरी सोडू दे म्हणावं."

मी ओले कपडे शांतपणे दोरीवर टाकले. त्या दिवसापासून खलबत्त्याबद्दल एक शब्द काढला नाही.

फक्त क्रम बदलला. दुपारनंतर अनसला झोपू द्यायचं नाही. आंघोळ, तेल, पडदे तसेच, पण दूध मागे ठेवायचं. थकलेला, भुकेला अनस मांडीवर घेऊन मी चपलांची वाट बघायची. ठण्ण झालं, त्या वळल्या, की त्याच क्षणी त्याला छातीशी घ्यायचं आणि दिवा मालवायचा. आधी तो दचकायचा. मग बत्ता वाजला की तोंड उघडून मला शोधू लागला. पुढे पुढे पाळण्यात असला तरी आवाज झाला की जांभई द्यायचा आणि त्याचे डोळे मिटायला लागायचे. सासूबाईंना हे दिसलं नाही. आपलं काम झालं की त्या मागे वळून बघत नसत.

रजा संपायच्या आधीच्या गुरुवारी त्यांनी सगळं घर वर बोलावलं. त्यांची बहीण फिर्दौस आली होती, दोन्ही नणंदा होत्या.

"तुम्हीच बघा कसा जागतो," असं म्हणून त्यांनी अनसला कोचावर ठेवलं. खोलीत दिवे लख्ख होते, टीव्ही चालू होता. त्यांनी जोरात बत्ता हाणला.

अनसनं जांभई दिली, मूठ गालाखाली घेतली आणि झोपला.

"अय्या! हा तर तुझ्याच हातानं झोपतो गं इन्शिराह!" फिर्दौस मावशी ओरडल्या.

"सातव्या दिवशी आईंनीच सांगितलं होतं ना त्याला," मी म्हणाले. "आजीचं ऐक म्हणून."

शेहाबचा चेहरा उजळला. "मग प्रश्नच मिटला! आई, तू रोज वाजवत जा. रद्वा जाईल कामाला."

सगळ्यांसमोर त्या नाही कशा म्हणणार?

मी कामावर रुजू झाले. उन्हाळा चढला आणि फिर्दौस मावशींनी रास अल-बर्रच्या समुद्रकाठचं घर उघडलं. सासूबाई लग्न होऊन आल्यापासून एकाही उन्हाळ्यात तिथे गेल्यावाचून राहिल्या नव्हत्या. बॅग भरून त्या खाली आल्या.

"पोरी, हा घे खलबत्ता. तूच वाजव आता. त्यात काय एवढं?"

"बघते हं," मी म्हणाले.

खल मी दोन्ही मांड्यांमध्ये घट्ट दाबून धरला, वर डाव्या हाताचा पंजा टेकवला आणि बत्ता मारला. धातू असा धरला की घुमत नाही. थप्प. अनस डोळे मोठे करून माझ्याकडे बघत राहिला. मी पुन्हा मारला. थप्प. तो रडू लागला.

"हाताचा गुण असतो आई," मी म्हणाले.

दारात उभ्या शेहाबनं बॅग उचलली आणि परत वर नेऊन ठेवली. "पुढच्या वर्षी जा गं आई."

आता संध्याकाळी मी पुदिन्याचा चहा घेऊन खिडकीत बसते. फिर्दौस मावशी रोज समुद्राचे, तळलेल्या माशांचे फोटो पाठवतात. सासूबाई ते बघतात, फोन पालथा ठेवतात आणि गुडघे धरून जिना उतरतात. ठण्ण. अनस झोपतो.

ही सवय मोडायला फार दिवस लागणार नाहीत, ते मला ठाऊक आहे. मोडेन. समुद्राचं पाणी गार झालं की.