चालू ठेवायचं यंत्र

"अहो, कान कशाला काढताय?"

पण ऐकायचं यंत्र तोवर डबीत गेलं होतं.

"सगळी उपकरणं बंद करा म्हणाली ना ती एअर होस्टेस," तो म्हणाला, नेहमीसारखा मोठ्याने. पुढच्या रांगेतली दोन डोकी वळली. "यालाही बॅटरी आहे."

बायकोने हातवारे करून पाहिले. उपयोग नव्हता. कारखान्यात पत्र्याच्या प्रेसवर जन्म काढून दहाही बोटं शाबूत ठेवून निवृत्त झालेला माणूस. सूचना म्हणजे सूचना. बोटं वाचली, कान मात्र प्रेसने नेले. यंत्र मागच्याच महिन्यात आलं होतं.

विमान उडालं. दोघांचाही हा पहिलाच विमानप्रवास, मुलाकडे. मुलाने त्यांच्या घरासाठी गिऱ्हाईक शोधलं होतं. या खेपेला होकार द्यायचा, घर विकायचं आणि कायमचं त्याच्याकडे राहायला जायचं, असं ठरत आलं होतं. तिलाही विचारलं होतं. पण 'तुला काय वाटतं, आई?' म्हणताना मुलगा फोनमध्ये बघत होता.

यंत्र डबीत होतं म्हणूनच असेल, ती बोलून गेली. "मला नाही जायचं तिकडे राहायला. त्याच्या घरात माझ्या शिलाई मशीनला जागा नाही. चार दिवस पाहुणी म्हणून ठीक. नंतर मी कोण?"

तिचे ओठ हलताना पाहून त्याने हसून मान हलवली.

पाणी घेऊन आलेल्या एअर होस्टेसने दोनदा विचारलं, मग त्याच्या मुठीतली डबी पाहिली. "काका, हे चालतं. बंद करायचं ते फोन, लॅपटॉप. ऐकायचं यंत्र चालूच ठेवायचं." तिने कानाकडे खूण केली. त्याने बायकोकडे पाहिलं, तिने मान डोलावली, तेव्हा कुठे यंत्र कानात गेलं.

"आधी सांगायचं की पोरी. माझ्यामुळे विमान पडलं असतं तर लोक मलाच शोधत आले असते."

"शोधायला उरलं असतं कोण?" बायको म्हणाली.

एअर होस्टेस हसत पुढे गेली. तो वळला. "तू मघाशी काहीतरी म्हणत होतीस."

"मान हलवलीत की."

"ती मी नेहमीच हलवतो."

'काही नाही' हे शब्द तिच्या जिभेवर आले. वर्षानुवर्षं तिथेच मुक्कामाला होते. तिने पाण्याचा घोट घेतला आणि सगळं पुन्हा सांगितलं, मशीनसकट.

या वेळी मान हलली नाही.

"मला वाटलं, तुला नातवंडांत राहायचंय. म्हणून मी हो म्हणत होतो," तो म्हणाला. मग म्हणाला, "आधी बोलायचंस."

"ओरडून? शेजारणीने खुर्ची टाकून ऐकलं असतं."

"उतरल्यावर बोलतो त्याच्याशी."

"नको. मी बोलते. तुम्ही नुसते शेजारी बसा."

"काय बोलणार?"

ती सांगू लागली. कधी नव्हे ते हळू आवाजात. एअर होस्टेस रिकामे पेले न्यायला आली आणि तिने काहीतरी विचारलं. त्याने तिच्याकडे न बघताच हात वर करून तिला थांबवलं. बायकोचं वाक्य अजून संपायचं होतं.