खराब न झालेला कॉम्प्रेसर

मित्रांनो, मी गाडीच्या एसीचा एक जुना कॉम्प्रेसर आहे. जुना आहे, खराब नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पाळी गावातल्या या घरात ते कुणी म्हणत नाही.

माझा जन्म कारखान्यातला. गौरेशच्या गाडीत बॉनेटखाली, इंजिनाला लागूनच माझी जागा होती. एसीतला गॅस दाबून पुढे ढकलायचा, एवढंच माझं काम. दाबलेला गॅस तापतो. तो गाडीच्या तोंडाशी असलेल्या जाळीत निवला, तरच आत थंड वारा जातो. जाळी निववायला तिच्यापुढे एक छोटा पंखा असतो. तो थांबला की गॅसचा दाब चढतो आणि मी जळू नये म्हणून मला आपोआप बंद केलं जातं. माझी सगळी अब्रू त्या पंख्याच्या हातात.

गौरेश वास्कोला बंदरात नोकरीला. गाडी त्याने हौसेने घेतली नव्हती, आईसाठी घेतली होती. देवकीला, म्हणजे त्याच्या आईला, दमा आहे. पाळीच्या रस्त्यावर दिवसभर खनिजाचे ट्रक चालतात, लाल धूळ उडते आणि काच उघडी राहिली की तिचा श्वास अडकतो. काचा बंद, एसी चालू, अशी ती दर महिन्याला पेडण्याला धाकट्या बहिणीकडे, गंगाकडे जायची. "ह्या गाडीत माका माझो श्वास गावता," असं गंगाला सांगायची. सात वर्षं मी ते ऐकून फुशारून जात होतो.

मग एका दसऱ्याला देवकीने गाडीच्या तोंडाला झेंडूची माळ बांधली. पूजेची माळ हाताने काढायची नाही, आपोआप पडू द्यायची, हा तिचा नियम. माघापर्यंत फुलं वाळून गळाली, दोरा तेवढा राहिला. तो आत सरकला, पंख्याच्या दांड्याला गुंडाळला गेला, पंखा अडकला आणि त्याचा फ्यूज उडाला. मला कळलं, पण सांगणार कसं?

नेमकं त्याच सुमारास गंगाने अंथरूण धरलं. देवकी तिला बघायला निघाली, पण ट्रकांच्या रांगेत गाडी थांबली आणि आत गरम वारा येऊ लागला. काच उघडावी तर धूळ, न उघडावी तर गुदमर. तिला धाप लागली आणि गौरेशने गाडी मागे वळवली.

डिचोलीच्या प्रज्योत मेकॅनिकने बॉनेट उघडायच्या आधीच निदान केलं, की गॅस गेला. गॅस भरला, तरी वारा गरमच. दुसऱ्या खेपेला तो पाळीला घरी आला आणि पुन्हा गॅसच भरू लागला. तेव्हा देवकी सोप्यावरून म्हणाली, "गाडी धावता तेव्हा थंड येता. उभी ऱ्हवली काय गरम."

मित्रांनो, सगळं या एका बोलण्यात होतं. धावत्या गाडीच्या जाळीला समोरचा वारा लागतो, उभ्या गाडीला मात्र पंखाच हवा. ऐकणारा माणूस सरळ पंख्याकडे गेला असता. प्रज्योत हसला. गौरेश म्हणाला, "आई, तुका गाडीतला काय कळता?" आणि कॉम्प्रेसर गेला असं दोघांनी ठरवून टाकलं.

प्रज्योतने गाडी डिचोलीला नेली, मला उतरवलं आणि गॅरेजच्या कोपऱ्यात टाकलं. नवा कॉम्प्रेसर बेळगावहून उद्या येणार, असं तो रोज सांगायचा. आईला पेडण्याला न्यायला दुसऱ्या कुणाची गाडी बघूया, असं गौरेशच्या मनात आलं होतं म्हणे. पण दोन दिवसांचाच तर प्रश्न, म्हणून त्याने ते सोडून दिलं. असे आठ दिवस गेले. सहाव्या दिवशी, बहिणीची वाट बघत, गंगा वारली.

नवव्या दिवशी नवा कॉम्प्रेसर बसला. गाडी उभी, वारा गरमच. तेव्हा कुठे प्रज्योत पुढे वाकला. लाल धुळीने माखलेला दोरा त्याने ब्लेडने कापून काढला, फ्यूज बदलला आणि दोन मिनिटांत आत गारवा आला. खाली मान घालून तो म्हणाला, "जुनो बरोच आसा. घेऊन जा." गौरेशने तो दोरा हातात घेतला. गाठ आईच्या हातची होती. दोरा त्याने खिशात घातला आणि मला डिकीत.

घरी देवकीने विचारलं, काय बिघडलं होतं. गौरेशने खिशात हात घातला आणि तसाच रिकामा बाहेर काढला. मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "ह्योच खराब होतो, आई."

देवकी माझ्यासमोर उभी राहिली. "मेल्या," ती म्हणाली, "आणखी चार दिस चाललो असतस, तर गंगा माका बघूक गावली असती."

आईला जन्मभराच्या टोचणीतून त्याने सोडवलं, हे मला कळतं. कळतं म्हणून कमी लागतं, असं नाही.

तेव्हापासून मी अंगणाच्या कडेला पडून आहे. मित्रांनो, तुमच्या घरात काही बिघडलं, तर दोष ठरवायची घाई करू नका. ते रोज वापरणाऱ्याला आधी विचारा, आणि तो सांगेल ते ऐका. मला बोलता येत नव्हतं. देवकीला येत होतं, आणि ती बोललीही होती.

यंदाच्या दसऱ्याला देवकीने गाडीला नवी माळ बांधली. गौरेश एक फेरी मारून आला तेव्हा माळ नव्हती. वाटेत पडली, म्हणाला. मग तिने घरातली हत्यारं पुजायला घेतली. कोयत्याला फूल वाहिलं, कुऱ्हाडीला वाहिलं, विळीला वाहिलं. शेवटचं फूल हातात घेऊन ती माझ्यापर्यंत आली, थांबली, आणि ते माझ्या शेजारच्या मोडक्या कुदळीवर ठेवून घरात निघून गेली.