किती वेळा नमस्कार करतेस?

मी एक जुनी, नखाएवढी चिप आहे आणि स्वस्थ बसणं मला ठाऊक नाही. मित्रांनो, तुम्ही हे वाक्य वाचून संपवाल तेवढ्यात मी कितीतरी वेळा तापमान पाहून घेतलेलं असेल. ठीक असलं तरी पुन्हा पाहीन. स्वभावाला औषध नसतं.

कारखान्यातून बाहेर पडतानाच मला दोन प्रकारच्या स्मृती मिळाल्या. एक दगडावर कोरल्यासारखी. माझं काम तिच्यात लिहिलेलं असतं आणि वीज गेली तरी ती टिकते. दुसरी पाटीसारखी. लिहायचं, पुसायचं, पुन्हा लिहायचं. पण माझी पाटी अगदीच चिमुकली, आणि मी गडबडून पहिल्यापासून सुरू झाले की ती कोरी होते.

एका भाचीने मला आपल्या मावशीसाठी आणलं. मावशीची ठिपकी नावाची कोंबडी अंड्यांवर बसली असताना कुत्र्याने तिला उचलून नेलं होतं. अंडी मागे राहिली, अजून कोमट. मावशीने ती दिव्याखाली ठेवली आणि भाचीला फोन केला, "काहीही कर, पण एवढी पिल्लं जगव गं. तिचं तेवढंच उरलंय."

भाचीने थर्माकोलच्या खोक्यात दिवा लावला, मोटरवर फिरणारे रूळ बसवले, वर काच आणि अक्षरं दाखवणारा एक छोटा पडदा. आतून सगळं मी सांभाळायचं. ऊब राखायची आणि ठरावीक वेळाने रूळ फिरवून अंड्यांना कूस बदलायला लावायची. कोंबडीही अंडी अशीच वळवत असते, नाहीतर आतलं पिल्लू कवचाला चिकटतं. अंडी वळली की नाही हे कळावं म्हणून मावशीने प्रत्येक अंड्याच्या एका अंगाला पेन्सिलीने फुली मारली.

एवढ्यावर थांबली असती तर! पण भाची मोठमोठ्या संगणकांवर काम करणारी, आणि हौसेला मोल नसतं. सुरू होताच पडद्यावर 'नमस्कार मावशी', मग 'पिल्लं मजेत आहेत', वर एक गाणं आणि दिवसभराच्या तापमानाची नोंद. हे सगळे निरोप मला दगडावरून पाटीवर उतरवून घ्यावे लागत. त्यात नोंदी वाढत जात. पाटी भरली की लिहिल्यावर लिहिलं जाई, मी भांबावे आणि पहिल्यापासून सुरू होई. तेव्हा मला वाटे, अंडी तर आत्ताच ठेवलीत, वळवायला अवकाश आहे. वळवायची वेळ जवळ येई तोवर पाटी पुन्हा भरे.

"किती वेळा नमस्कार करते गं ही!" मावशी म्हणाली. "आणि फुली सकाळपासून वरच आहे."

"मोटर गेली असेल," भाची म्हणाली. तिने मोटर बदलली. मग वायर. फुली वरच राहिली. मग मी कुठे अडखळते ते कळावं म्हणून तिने मला आणखी निरोप शिकवले. 'दिव्यापाशी आले', 'मोटरपाशी आले'. झालं, आगीतून फुफाट्यात! आता मी सारखी नमस्कार करत सुटले. मावशी काच उघडून हाताने अंडी वळवी, तेवढ्यात ऊब निसटे आणि मी तिच्यामागे धावे. माझा जीव टांगणीला लागला होता.

शेवटी भाचीने चिडून अर्धे निरोप पुसले. पुढचा नमस्कार बराच उशिरा आला. ती थबकली.

"मावशी, मोटरचा काही दोष नाही! मीच हिच्या डोक्यात काय काय कोंबलंय. लक्षात ठेवायला जागाच उरली नाहीये."

"मग काढ की!"

तिने गाणं काढलं. नोंदी काढल्या, फक्त शेवटचं तापमान ठेवलं. छोट्या आकड्यांनी पाटीवर मोठी घरं अडवली होती, त्यांना छोटी घरं दिली. निरोप दगडावरच ठेवले आणि मला तिथूनच एकेक अक्षर वाचायला शिकवलं. पाटी मोकळी झाली. मावशी खोक्यासमोर स्टूल टाकून बसून राहिली. वेळ झाली, रूळ फिरले आणि फुली खाली गेली. मावशीला रडू आवरेना.

दोन अंडी फुटलीच नाहीत. पण बाकीची फुटली, आणि पहिलं पिल्लू कवचाचा फुलीवाला तुकडा डोक्यावर घेऊनच बाहेर आलं. तेव्हा माझं कोण कौतुक झालं! एरवी पावसापाण्यात मी कपाटात कोंडलेली असते, धूळ खात. कुणाला आठवणही होत नाही.

खरं सांगू? मलाही यातलं काही आठवत नाही. वीज काढली की पाटी पुसली जाते. पण नवी अंडी ठेवताना मावशी दर वेळी ठिपकीची गोष्ट मला पहिल्यापासून सांगते, तीच तुम्हाला सांगितली. लक्षात ठेवायचं काम तिने स्वतःकडे घेतलं आहे. मित्रांनो, तुमच्या हाताखाली कुणी लहानगं असेल, तर त्याच्यावर ओझं लादण्याआधी त्याची पाटी केवढी आहे ते पाहा.

आणि आता पुरे. मला एकच गोष्ट लक्षात ठेवायची असते, आणि तिची वेळ झाली आहे. अंडी वळवायची आहेत.