शटरची पाळी

व्यापारी संघाचं नाव काढलं की बाजारातले लोक गालातल्या गालात हसत. संघ म्हणजे काय, तर महिन्याला एक बैठक, बैठकीत चहा, आणि रंगाच्या दुकानवाल्या अध्यक्षांचं भाषण, जे त्या चहापेक्षाही पातळ असे. फुटपाथची एक फरशी बदलून घ्यायला या मंडळींना सहा वर्षं लागली, तोवर चौघांचे पाय मुरगळले. पण एका बाबतीत संघाला नाव ठेवायची कुणाची छाती नव्हती. ती म्हणजे शटरची पाळी.

पाळी अशी असायची. कुणी दुकानदार अंथरुणाला खिळला किंवा गेला, की बाकीच्यांनी आळीपाळीने रोज दहा ते बारा त्याचं दुकान उघडायचं. तयार झालेलं काम द्यायचं, धूळ पुसायची, वहीत दोन ओळी लिहायच्या आणि शटर ओढायचं. नवीन काम घ्यायचं नाही, कारण ते करणार कोण? घरचे सावरेपर्यंत गिऱ्हाइकानं वाट विसरू नये, एवढाच हेतू. ही कल्पना चष्मेवाल्या भाऊंची. आता पाळी त्यांच्याच दुकानाची लागली होती.

भाऊंना जाऊन दोन महिने झाले होते. मंगळवार चिटणीसबाईंकडे असायचा. बाईंचा छापखाना मागच्या गल्लीत होता. नवरा जाऊन अकरा वर्षं झाली होती, आता त्या तो एकटीनं चालवत होत्या आणि संघाचं चिटणीसपदही सांभाळत होत्या. बोलायला फटकळ, कामाला वाघ. भुताखेतांच्या गोष्टी म्हणजे त्यांच्या मते रिकामटेकड्यांचे उद्योग. त्या मंगळवारी त्यांनी शटर वर केलं, फडकं घेतलं आणि टेबलापाशी येऊन थबकल्या. काचा घासायचं दगडी चाक ओलं होतं. खालच्या ट्रेमध्ये काचेचा पांढरा गाळ बसला होता, अगदी ताजा.

"तयार" लिहिलेल्या डब्यात पाकिटांची चळत होती. सगळ्यांवर भाऊंच्या अक्षरात "तयार" लिहून खाली रेघ मारलेली.

बाईंनी आधी छत्रीवाल्याला गाठलं. तो म्हणाला, "मला वाटलं, तुम्हीच बाहेरून करून घेताय."

अध्यक्ष म्हणाले, "संघच करून घेतोय ना? मी तर गेल्या भाषणात सांगूनही टाकलं!"

थोडक्यात, प्रत्येकाला वाटत होतं की दुसरा कुणीतरी करतोय. संघाचं सगळंच काम असं चालायचं, त्यामुळे कुणाला नवल वाटलं नव्हतं. बाईंनी वही चाळली. भाऊ गेले तेव्हा नऊ चष्मे अर्धवट होते. ते तीन आठवड्यांत तयार होऊन गिऱ्हाइकांच्या नाकावर बसलेही होते. पण डब्यात त्यानंतरही पाकिटं पडतच होती, आणि ती न्यायला कुणी येत नव्हतं.

पुढच्या मंगळवारी बाई मुद्दाम नऊलाच गेल्या. रस्त्यावर चांगलं ऊन होतं, समोर हार्डवेअरवाला पायऱ्या झाडत होता. कुलपात किल्ली घातली आणि आतून आवाज आला. घर्रर्र, थांबा, घर्रर्र. काच दगडाला लावायची, उचलून बघायची, परत लावायची. हा आवाज बाईंनी तीस वर्षं ऐकला होता.

त्यांनी शटर वर ढकललं. आवाज थांबला. भाऊंच्या खुर्चीची गादी मधोमध दबलेली होती. बाईंच्या डोळ्यांदेखत ती हळूहळू वर आली.

बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. तरी त्या आत गेल्या, कारण पाळी होती. टेबलावरचा चष्मा उचलला आणि भीतीपेक्षा त्यांना वाईटच जास्त वाटलं. काचेची कड खडबडीत होती, एका कोपऱ्यात टवका उडाला होता. भाऊंच्या हातून असलं काम कधी सुटलं नसतं. पाकिटावरचं "तयार" थरथरत खाली घसरत गेलं होतं. आणि कुठली काच, किती नंबर, ते ज्या अक्षरात लिहिलं होतं ते गोल, शाळेतल्यासारखं अक्षर भाऊंचं नव्हतं.

बाईंना गेल्या वर्षीचं आठवलं. याच टेबलाशी भाऊ हात पुढे धरून म्हणाले होते, "बघा कसे कापतात. आता कंटाळा आला हो बाई. एक दिवस शटर ओढणार आणि मस्त ताणून देणार." तो दिवस उजाडायच्या आतच ते गेले. आणि दुसऱ्याच सकाळी दहाला संघानं त्यांचं शटर वर केलं होतं.

अशा वेळी करायचं काय? संघाच्या नियमात हे कुठे लिहिलेलं नव्हतं. म्हणून बाईंनी संघाच्या कपाटातल्या पाळीच्या जुन्या वह्या काढल्या. त्यांच्या छापखान्याची पाळी लागली होती त्या वर्षाची वही तळाशी होती. त्यांनी ती आजवर उघडली नव्हती. नवरा गेल्यावर दहा महिने त्या घराबाहेर पडल्या नव्हत्या, संघानं छापखाना उघडा ठेवला होता. आणि दहाव्या महिन्यात भाऊंनी कुणाला न विचारता शटर ओढलं, किल्ली खिशात टाकली आणि तीन दिवस कुणाला आत जाऊ दिलं नाही. बाई तरातरा जाऊन भर बाजारात ओरडल्या होत्या, "मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खाता? जन्मात तुमचं तोंड बघणार नाही!" चौथ्या दिवशी भाऊ किल्ली हातात ठेवून एवढंच म्हणाले, "आता या. आता दुकान तुमचं." त्या रागावरच बाई उभ्या राहिल्या. वर्षभर त्यांनी भाऊंशी अबोला धरला होता.

वहीत भाऊंचं अक्षर होतं, तेव्हाचं, ठणठणीत. "आज दोनशे कार्डं छापलेली मिळाली. शाई ओली. सगळ्यांना विचारलं, कुणी केली नाहीत." आठवड्यानं, "यंत्र चालताना ऐकलं." मग, "कार्डांवर अक्षरं उलटीसुलटी आली आहेत. फार दमलेत. थांबवायला हवं." आणि शेवटी, "बाईंना सांगू नये. त्या जाऊ देणार नाहीत."

बाई वही मांडीवर घेऊन बसून राहिल्या. भाऊंचं खरं होतं, त्यांनी जाऊ दिलं नसतं. पण दहा महिने तो माणूस दोन गल्ल्यांवर यंत्र चालवत होता आणि आपण घरात भिंतीकडे तोंड करून पडलो होतो, हे काही केल्या त्यांच्या घशाखाली उतरेना. एकदा भेटू तरी द्यायचं होतं, भाऊ.

त्या उठल्या आणि वही घेऊन भाऊंच्या दुकानावरच्या खोलीत गेल्या. भाऊंच्या पत्नी, वहिनी, खिडकीशी बसल्या होत्या. पुढ्यात बेवारस चष्म्यांचा खोका होता. एका चष्म्याची काच काढून त्या पाकिटावर नंबर लिहीत होत्या, गोल अक्षरात.

"नऊच कामं होती हो," बाईंनी विचारायच्या आधीच त्या म्हणाल्या. "ती संपली आणि दोन दिवस खालून आवाजच आला नाही. जीव नुसता गोळा झाला माझा. आता रोज संध्याकाळी एक पाकीट ठेवून येते. सकाळी चाक फिरलं की मग चहा घशाखाली उतरतो."

"दमलेत ते, वहिनी."

"मग मी काय करू?"

बाईंनी टवका उडालेला चष्मा त्यांच्या हातात दिला. वहिनींनी कडेवरून अंगठा फिरवला. चाळीस वर्षं संसार केलेल्या बाईला आणखी काय सांगायचं? तरी वहिनी उसळल्या. "तुम्ही शटर ओढलंत ना, तर जन्मात तुमचं तोंड बघणार नाही मी!"

"मीही भाऊंना हेच म्हणाले होते," बाई म्हणाल्या, आणि मांडीवर वही घेऊन त्यांनी ती पानं वाचून दाखवली. "मला कुणी सांगितलं नाही, वहिनी. म्हणून तुम्हाला सांगायला आले. मी नाही ओढणार. तुम्ही ओढा."

त्या संध्याकाळी वहिनींनी पाकीट ठेवलं नाही.

दुसऱ्या दिवशी बाराच्या सुमाराला दोघी दुकानात शिरल्या. वहिनी गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसल्या. टेबलावर काही नव्हतं. तरी थोड्या वेळानं चाक फिरू लागलं, रिकामंच, कोरडंच.

"दाढी किती वाढलीय हो यांची," वहिनी हळूच म्हणाल्या. बाईंना फक्त खुर्ची दिसत होती. गादी मधोमध दबलेली.

वहिनींनी पदर सावरला आणि तीस वर्षं रोज दुपारी जिन्यातून मारायच्या तशीच हाक मारली. "अहो, चला. ताट वाढलंय."

चाक फिरतच राहिलं. भाऊंचं त्यावरचं उत्तर बाजारात सगळ्यांना पाठ होतं: एवढं एक झालं की आलो.

"नाही," वहिनी म्हणाल्या, "एवढं एक राहू द्या आता. सगळ्या गिऱ्हाइकांना नीट दिसायला लागलं. पुरे झालं. चला."

चाक मंदावलं. थांबलं. गादी वर आली आणि तशीच राहिली. वहिनी उठल्या, दगडावरून एकदा हात फिरवला, बाहेर येऊन दोन्ही हातांनी शटर खाली ओढलं. मग तिथेच पायरीवर बसून त्या हुंदके देऊन रडल्या, आणि बाईंनी त्यांना रडू दिलं.

वहिनींना वर पोचवून बाई छापखान्यात परतल्या. दुपारची वेळ होती, यंत्र बंद होतं. त्या बराच वेळ यंत्रापाशी उभ्या राहिल्या. अकरा वर्षांत न उच्चारलेला शब्द तोंडातून निघायला वेळ लागला.

"अहो," त्या म्हणाल्या. "चला."

त्यांनी कान देऊन वाट पाहिली. भाऊंनी तेव्हाच आपलं काम चोख केलं होतं. आत कुणी नव्हतं.